राखलेला हात

सोनगीरचा फाटा जवळ आला की मी डोळे मिटून घेतो. गाडीतल्यांना वाटतं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. ड्रायव्हर आवाज न करता खिडकीची काच वर करतो, कोणीतरी मोबाईलचं गाणं बंद करतं. त्यांच्या या चांगुलपणाचीही मला लाज वाटते, कारण मी झोपलेला नसतो. फाटा मागे पडून गाडीने वेग धरेपर्यंत मला तिथे कोणी उभं दिसायला नको असतं, एवढंच.

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. सबबींना तोटा नव्हता. डोळ्याचं ऑपरेशन झालं, बोटं थरथरतात, मशीनच्या दिवशी अंगात त्राण उरत नाही. खरी अडचण अशी की लिहिल्यावर ते मलाच वाचावं लागणार होतं. आता वय झालं आहे आणि शरीर कधी हिशेब मिटवेल याचा भरवसा नाही. माझ्यामागे हे कोणालाच ठाऊक राहणार नाही. तसं होऊ नये, म्हणून लिहितो आहे.

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. मधुमेह जुना, त्यानेच हळूहळू पोखरलं. आठवड्यातून दोनदा धुळ्याला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागतं. एकट्याने जाणं झेपत नाही, म्हणून आमच्या भागातले पेशंट मिळून एक गाडी करतात. ती दोंडाईच्याहून निघते, मला नरडाण्याला घेते आणि मग हायवेने सोनगीरच्या फाट्यावर थांबते. तिथे अक्का चढायची.

अक्का माझ्याहून वयाने बरीच लहान. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, ती शेतमजुरी केलेली बाई. रीतीने पाहिलं तर तिने मला आबा म्हणावं आणि मी तिला ताई. ती मला आबा म्हणायचीच, पण तिला मात्र गाडीतले सगळे अक्का म्हणत. पहिल्याच दिवशी मी ताई म्हणालो तर तिने मला थांबवलं.

"मशीननी उमर धरी त मी तुमनापेक्षा मोठी शे, आबा. अक्का म्हना."

खरंच होतं ते. आमच्यापैकी मशीनवर सगळ्यात जुनी तीच.

मशीनवर जाण्याआधी हातातली एक धमनी आणि एक शीर ऑपरेशन करून जोडतात, म्हणजे जाड सुया टोचता येतील एवढा रक्ताचा जोर शिरेत येतो. त्याला फिस्टुला म्हणतात. त्या हातावर उशी घ्यायची नाही, पिशवी अडकवायची नाही, घट्ट बांगडी नाही, बीपीचा पट्टा नाही, दुसरी कसलीही सुई नाही. आम्ही त्याला राखलेला हात म्हणतो. राखीव कुरण असतं तसा. तो हात गेला की मशीनची वाट बंद होते, आणि ती वाट बंद झाली की पुढे काय, ते आम्ही एकमेकांशी बोलत नाही.

माझा हात नवीन होता तेव्हा मी फार भेदरलेला असायचो. पहिल्या आठवड्यात अक्काने शेजारच्या बेडवरून माझ्याकडे पाहिलं आणि आपला डावा हात कानाशी नेला, लहान मूल शंख ऐकतं तसा.

"कान लावा, आबा. आयकू येस का?"

मी माझ्या हाताला कान लावला. आत घरघर चालली होती. लांबवर कुठेतरी दळण चालू असल्यासारखी.

"जवलगून गिरनी चालू शे, तवलगून आपन शेतस," ती म्हणाली, आणि हसली. "रोज सकाये उठीसन पहिले हात आयकाना. मंग देवनं नाव."

त्या दिवसापासून मी रोज सकाळी हात ऐकतो. आजही ऐकला. पण गेली काही वर्षं त्या घरघरीत मला दुसरंच काही ऐकू येतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

माझी नोकरी कृषी सहायकाची. शिंदखेडा तालुक्यातली, साक्री-शिरपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याची गावं मोटारसायकलने पालथी घातली. काम एकच: नवीन बी, नवीन औषध, नवी लागवड शेतकऱ्याच्या गळी उतरवायची. पहिल्या दोन वर्षांत मला कळलं की भाषणाने काही होत नाही. घडीपत्रिका वाटल्या तर त्यात भजी बांधली जातात. माणूस फक्त शेजाऱ्याच्या शेताकडे पाहतो. म्हणून आम्ही प्रात्यक्षिक प्लॉट करायचो. गावात ज्याचा शब्द चालतो त्याला पकडायचं, त्याच्या शेतात रस्त्यालगत थोड्या जागेत नवीन पद्धत करायची आणि पीक उभं राहिलं की सगळ्या गावाची शिवारफेरी काढायची. मग काही बोलावं लागत नाही. लोक वाकून कणसं चाचपतात, एकमेकांकडे बघतात आणि पुढच्या हंगामात बी मागायला स्वतःच येतात.

एकदा मात्र मी घाई केली. एका गावात फवारणीचं नवीन औषध आलं होतं. चौथ्या दिवशीच मी शिवारफेरी बोलावली. औषधाने पानांच्या कडा करपल्या होत्या. हे होणार हे मला ठाऊक होतं, पुढे नवीन पालवी येणार हेही. पण लोकांनी करपलेली पानं पाहिली. "साहेब, हाई त जळी गयं," असं एक म्हातारा म्हणाला, आणि सगळे घरी गेले. ते पीक पुढे आजूबाजूच्या सगळ्या शेतांहून चांगलं आलं. पण ते पाहायला कोणी आलं नाही. त्या गावाने पुढे मला बसायला सतरंजीही टाकली नाही. तेव्हापासून मी माझ्यापुरता नियम केला: पीक पुरतं उभं राहिल्याशिवाय प्लॉट कोणाला दाखवायचा नाही.

नोकरी संपली तरी हा नियम माझ्यात राहिला.

करोनाचं पहिलं वर्ष आम्ही कसंबसं काढलं. सगळं जग घरात बसलं होतं, आम्हाला तेवढी सोय नव्हती. नाकतोंड बांधून, पोलिसांना कागद दाखवत आम्ही धुळ्याला जायचोच. मग लस आली. म्हातारे आणि जुने आजार असलेले यांना आधी, असं जाहीर झालं. आम्ही दोन्हीत बसत होतो. त्या सकाळी गाडीत दुसरा विषय नव्हता.

दोंडाईच्याचा एक मिरचीचा व्यापारी आमच्याबरोबर असायचा. त्याला आम्ही शेठ म्हणायचो. तो म्हणाला, "माझ्या साडूच्या गावात एकानं घेतली आणि तिसऱ्या दिवशी खलास."

"तो झाडावरून पडला ना, शेठ?" ड्रायव्हरने पुढून विचारलं. "तुम्हीच मागच्या खेपेला सांगितलं."

"पडला कशानं? चक्कर आली म्हणून. चक्कर कशानं आली, ते विचार."

"झाडावर कशाला चढला, ते विचारतो मी."

सगळे हसले. अक्का हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"आबा काय म्हंतस?"

मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, हे आधी सांगतो. पेपरात वाचलेलं, टीव्हीवर ऐकलेलं, तेवढंच. पण गाडी माझ्या तोंडाकडे बघत होती. उभ्या आयुष्यात गावोगाव माझ्या तोंडाकडे असंच बघितलं गेलं होतं आणि मला त्याची सवय होती. खरं तर आवड होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आपली गोष्ट वेगळी आहे. धडधाकट माणसासाठी बनवलेली वस्तू आपल्याला चालेलच असं नाही. रक्त आपलं मशीनवर, हात आपला राखलेला. सूज आली, गाठ झाली, तर? आपल्यासारख्यांनी घाई करू नये."

शेठने मांडीवर थाप मारली. "ऐका! शिकलेला माणूस बोलतोय."

अक्काने आपले दोन्ही हात पुढे करून पाहिले. डाव्यात चालू फिस्टुला. उजव्यात आधीचा, बंद पडलेला, कोपराजवळ नुसता जुनाट व्रण आणि दोरीसारखी शीर. ती उजवा हातही तितकाच राखायची. डावा गेला तर पुन्हा काही करता येईल अशी तिला आशा होती.

"माले टोचतीन कथा?" ती म्हणाली. "कपायले?"

आता मात्र गाडी खदखदून हसली. मीही हसलो. तो तिचा विनोद होता, पण सुई नेमकी कुठे टोचणार हा खरा प्रश्नही होता, आणि त्याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मला ते मिळालं.

माझी मुलगी जळगावला असते. तिने मला न विचारता नाव नोंदवून टाकलं आणि मशीनचा दिवस सोडून मला घेऊन गेली. मी वाटेत कुरकुर केली, घाई नको वगैरे सगळं पुन्हा म्हणालो. ती गाडी चालवत होती. म्हणाली, "अण्णा, तुम्ही लोकांना जन्मभर सांगत आलात की नवीन आहे म्हणून भिऊ नका. आता स्वतःच्या वेळेला काय झालं?"

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, फार थकलेल्या होत्या, पण त्यांनी माझा हात नीट पाहिला. मी शंका विचारली. त्या म्हणाल्या, "फिस्टुलाच्या हातात देणारच नाही, काका. दुसऱ्या हातात देऊ. एखादा दिवस ताप येईल, हात दुखेल. तुमच्यासारख्यांनी तर घ्यायलाच हवी. तुम्हाला हा आजार झाला तर जास्त त्रास होतो."

मी खुर्चीवर बसलो होतो, बाही वर केली होती, तेव्हा मला अक्का आठवली. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मला ती आठवली नाही, असं नव्हतं. मी विचारलं, "डॉक्टर, आमच्यात एक बाई आहे. तिचे दोन्ही हात राखलेले. तिला कुठे देणार?"

"बंद पडलेल्या हातात बहुतेक देता येते. तिच्या डॉक्टरांना विचारा. अगदीच नको असेल तर मांडीत देता येते. त्यात काय एवढं? पाठवा त्यांना."

मांडीत. एवढं साधं होतं ते. कपाळाला नाही, मांडीत. हे सांगितल्यावर गाडीत केवढा हशा पिकेल, असंही मला तेव्हा वाटून गेलं.

त्या संध्याकाळी मला ताप भरला. दुसऱ्या दिवशी अंग ठणकत होतं. मुलीने येताना केळ्यांचा घड दिला, घरच्यांसाठी. मला केळं चालत नाही. किडनी नसलेल्याला केळं म्हणजे विषासमान, आणि मुलगी नेमकी केळीच्या मुलुखात दिलेली. यावरून अक्का मला कायम छेडायची.

त्यानंतरच्या मशीनच्या दिवशी ती फाट्यावर चढली आणि तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "आबा, कथा गयथात? मागला टायमाले तुमना बेड खाली व्हता."

"जळगावला. पोरीकडे. तिथेच मशीन लावून घेतलं."

"मंग केया आन्यात का?"

"आणली. तुला साल देतो, हुंगायला."

ती मनापासून हसली. एवढ्या हसण्यात मला सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. पण मागून शेठ म्हणाला, "आबांनी त्या दिवशी सांगितलं ते मी आमच्या सगळ्या बाजारात सांगितलं बरं का. आडत्यांनी सुद्धा मान डोलावली." मग मी तोंड मिटलं.

मी स्वतःला समजावलं ते असं: अजून ताप पुरता उतरलेला नाही, हात उचलवत नाही, आत्ता दाखवलं तर ही मंडळी करपलेली पानं तेवढी बघतील. दुसरा डोस होऊ दे. पीक उभं राहू दे. मग मी सगळ्यांसमोर बाही वर करून सांगेन आणि अक्काला स्वतः घेऊन जाईन. हे समजावणं मला पटलं. अनुभवाचं होतं ना ते. त्याच्या खाली जे होतं ते असं की, मी भर गाडीत छाती पुढे काढून एक बोललो होतो आणि आठवड्यात गुपचूप उलटं करून आलो होतो. ते उघडं पडायला नको होतं. गावागावात बायकोपोरांसमोर चुकलो म्हणणारे शेतकरी मी पाहिले होते. मला मात्र एका गाडीपुढे ते जमलं नाही.

मशीन सुरू झालं. माझा बेड खिडकीकडे, तिचा शेजारी. बाहेर उन्हाचा ताव, आत पंख्यांची घरघर. मी उजवा हात अंगाशी धरून पडलो होतो. लस त्याच हातात टोचली होती.

"हातले काय व्हयनं?" तिने विचारलं.

"झोपेत अवघडला."

मग तिने मान वळवली. दोन नळ्यांतून तिचं रक्त जात-येत होतं. तिचा आवाज एकदम हळू झाला, थट्टेचा नव्हता.

"आबा, खरं सांगा. तुम्ही ती सुई लिधी का?"

मी एरवी तिच्याशी शहरी बोलायचो. नोकरीने लागलेली सवय. त्या वेळी मात्र मी तिच्याच बोलीत उत्तर दिलं. खोटं बोलताना माणूस जवळ सरकून बोलतो, तसं.

"नही, अक्का."

"मंग मी बी थांबस," ती म्हणाली. तिला मोकळं वाटलं, हे मला दिसलं. "आंगनवाडीवाली रोज इसन म्हनस, चला चला. मालक बी म्हनस. मी सांगं, आबा लेतीन मंग मी लिसू. तुमले काही व्हयनं नही म्हंजे माले बी व्हवाव नही."



शिवारफेरी मागत होती ती, दुसरं काही नाही. जन्मभर मी ज्यांची वाट पाहिली तसला शेतकरी माझ्या शेजारच्या बेडवर पडून म्हणत होता की, तुमचं शेत दाखवा, मी तसंच करते. आणि पेरलेल्या शेतावर मी कापड टाकून बसलो होतो.

एप्रिल उजाडला आणि धुळ्यात हाहाकार झाला. ते सगळ्यांनी पाहिलं आहे, मी नव्याने सांगत नाही. आमच्या सेंटरच्या दारात एक माणूस कपाळावर तापाचं यंत्र धरायचा. ज्याला ताप, त्याला आत घेत नसत. एका सकाळी ते यंत्र अक्काच्या कपाळाशी नेलं, तशी ती मला म्हणाली, "देखा आबा, कपायलेच लावतस शेवट." आणि यंत्र वाजलं.

तिची तपासणी झाली. आजार निघाला. अशा पेशंटना मशीन दुसऱ्या ठिकाणी होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथे रांग होती. आमचं मशीन उरकून आम्ही बाहेर आलो तेव्हा ती आणि तिचा नवरा फाटकाजवळ लिंबाखाली बसले होते. तिला त्याच गाडीने न्यावं, असं कोणी म्हणालं नाही. ड्रायव्हर खाली मान घालून चावी फिरवत होता. मीही काही बोललो नाही. तिने उजव्या हाताने डावा हात धरला होता, तान्हं पोर धरतात तसा. गाडी हलली तशी तिने ओरडून सांगितलं, "आबा, मन्हा बेड धरी ठेवा!"

मध्ये तिला वेळेवर मशीन मिळालं नाही. आमच्यासारख्याला एक खेप चुकणं काय असतं, ते आम्हीच जाणतो. पाणी अंगात चढत जातं, श्वास अपुरा पडू लागतो, आणि तिची तर छाती आधीच भरलेली. मग तिला दाखल करून घेतलं. तिथून तिने मला एक फोन केला. आवाज ओळखू येत नव्हता, मध्ये मध्ये यंत्राचा फुसफुस आवाज यायचा.

मी म्हणालो, "अक्का, बोलू नको. आराम कर."

ती म्हणाली, "बरं व्हयनं, आबा, आपन लिधी नही. नहीतं लोके म्हनतात, सुईमुयेच व्हयनं."

आपन, म्हणाली ती.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं का, याचा मी खूप विचार केला आहे. आजारी माणसाला सांगून काय मिळालं असतं, असं वाटतं. आणि मग वाटतं की नाही, सांगायला हवं होतं. एकटं मरायला निघालेल्या माणसाला निदान हे तरी कळायला हवं होतं की ज्याच्या बरोबर आपण आहोत असं तिला वाटतंय तो तिच्याबरोबर नाही. मी त्या फोनवर एकच शब्द बोललो. "हो."

ती गेली. प्लॅस्टिकमध्ये बांधून परस्पर नेलं. घरच्यांनी लांबून पाहिलं.

लस घेतली असती तर अक्का वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. लस घेऊन गेलेलीही माणसं मला माहीत आहेत. मुलगी मला हेच सांगते, डॉक्टरही सांगतात, आणि मला बरं वाटावं म्हणूनच सांगतात. वाचण्याची जास्त शक्यता होती, एवढं तेही कबूल करतात. पण माझा प्रश्न तिथे अडत नाही. तिने मला विचारलं होतं. ते मरणाच्या शक्यतेबद्दल नव्हतं, माझ्या हाताबद्दल होतं, आणि मला उत्तर ठाऊक होतं.

पुढे माझा दुसरा डोस झाला. पावसाळ्यात मी गाडीत सांगितलं की मी लस घेतली. कधी घेतली, ते सांगितलं नाही. शेठ म्हणाला, "आबांनी घेतली? मग चला." आठ-पंधरा दिवसांत गाडीतल्या सगळ्यांनी घेतली, ड्रायव्हरने सुद्धा. शेठ तर बाजारभर दंड दाखवत हिंडला. इतकं सोपं होतं ते. जिथे अक्का बसायची तिथे एक नवीन मुलगी बसू लागली, शिरपूरकडची, तिचाही हात नवा. तिला हात ऐकायला मी शिकवलं. तिने विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं, आबा?" मी सांगितलं, "जुने पेशंट होते एक."

दिवाळीच्या सुमारास मी धीर करून सोनगीरजवळच्या तिच्या गावी गेलो. मनात वाक्यं जुळवून गेलो होतो. घर स्वच्छ सारवलेलं, भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी तिचा फोटो, त्याला पांढऱ्या फुलांचा हार. तिच्या नवऱ्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसला. मी त्याला भाऊ म्हणायचो. फाट्यावर तिला सोडायला आणि घ्यायला तोच यायचा, उन्हात डोक्यावर पंचा टाकून. त्याने चहा केला, माझ्यासाठी मुद्दाम अर्धा कपच, कारण आम्हाला पाणी मोजून असतं हे त्याला ठाऊक होतं.

तो म्हणाला, "ती तुमनं नाव रोज काढे. म्हने, आबा शे म्हनीसन मशीनवर जावाले भ्याव वाटत नही."

मी कप खाली ठेवला. वाक्य ओठावर आलं होतं. तेवढ्यात त्याने विचारलं, सहज, चहा पिता पिता.

"तुम्ही लिधी का मंग ती सुई, आबा?"

"लिधी."

"कव्हय?"

त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता. त्याने नुसतं विचारलं होतं. फोटोतली अक्का माझ्या उजव्या खांद्यामागे होती. मी म्हणालो, "नंतर."

"बरं करं," तो म्हणाला. "तिन्ही पन लेती. तुमनी वाट देखे."

त्या दुसऱ्या खोट्याने सगळं कायमचं बंद केलं. पहिलं खोटं तिच्या आणि माझ्यात तरी होतं. आता माफी मागायची तर दोन्हींची मागायला हवी होती, आणि तेवढं बळ मी कुठून आणणार होतो. त्यानंतर फाट्यावर तो कधी कधी उभा दिसायचा, शेताला जाताना, बसची वाट पाहताना. आमची गाडी पाहिली की हात वर करायचा. ड्रायव्हर जुन्या सवयीने वेग कमी करायचा. मी डोळे मिटायला तेव्हापासून शिकलो.

हात मी रोज ऐकतो. कान लावला की घरघर येते, आणि तिच्यात अक्काचा प्रश्न असतो. आवाज नाही, भास नाही, मी वेडा झालेलो नाही. नुसती तिची वाट पाहण्याची चाल असते त्यात, मान वळवून थांबली होती तशी. ज्या हातामुळे मी जिवंत आहे तो हात मला रोज तेच विचारतो, आणि मी हात खाली ठेवून तोंड धुवायला जातो.

यंदा होळीनंतर तो पुन्हा दिसला. पायाशी बॅग आणि बोचकं होतं. मी डोळे मिटायच्या आत ड्रायव्हरने गाडी थांबवली. "भाऊ, कुठे?"

"सुरतले. पोर कंपनीमा शे, तिन्हाकडेच राहसू आते. घरले कुलूप लाई दिधं." तो माझ्या खिडकीशी आला. केस पार पांढरे झाले होते. त्याने आत वाकून माझ्या राखलेल्या हाताकडे पाहिलं, हात मात्र लावला नाही. लावायचा नसतो, हे तो विसरला नव्हता.

"हात आयकतस ना, आबा, रोज?"

"ऐकतो, भाऊ."

"आयका. तिन्ही सांगेल शे."

मागे ट्रकवाला हॉर्न देत होता. ड्रायव्हरने गिअर टाकला. मी काच पूर्ण खाली केली, मान बाहेर काढली, आणि "भाऊ" म्हणालो. त्याने कान पुढे केला. गाडी सरकली. त्याने हात वर केला आणि मीही केला, उजवा, लस घेतलेला.

जे म्हणायचं होतं, ते हे:

भाऊ, अक्काने मला विचारलं तेव्हा मी लस घेतलेली होती. मी तिला नाही म्हणालो. तिला कुठे टोचता येईल, तेही मी विचारून आलो होतो, आणि ते तिला सांगितलं नाही. तुमच्या घरात बसून मी तुमच्याशी पुन्हा खोटं बोललो. ती माझी वाट पाहत थांबली, आणि मी तिच्या पुढे निघून गेलो होतो. मला माफ करा.